पाट निघाला न्यूझीलंडला

तुमच्या माळ्यावर काय काय पडलंय हे तुम्हाला धड सांगता येणार नाही. मला मात्र येईल, आणि तेही शिडीवर न चढता. बंद पडलेला पंखा, लग्नात आलेला आणि अजून खोक्यातून बाहेर न काढलेला काचेचा सेट, कोणाच्या तरी पायाचं प्लास्टर उतरल्यावर ठेवलेली कुबडी, आणि एक रिकामी सूटकेस, जिच्यात दुसरी रिकामी सूटकेस. चुकलं काही? उगाच नाही लोक मला पाहिल्यावर माळ्याचा पडदा ओढून घेत.

गोव्यातल्या धारगळला हायवेला लागून आमचं गोडाऊन आहे. परदेशी निघालेल्या माणसाचं अख्खं बिऱ्हाड बांधायचं, कंटेनरमध्ये भरायचं आणि बोटीवर चढेल असं पाठवायचं, हा आमचा धंदा. मी त्यात टेलिफोन उचलायला म्हणून लागले आणि लोकांच्या घरात शिरून सामान मोजायचं काम कधी माझ्याकडे आलं ते कळलंच नाही. आधी हे काम पुरुष करायचे. ते हॉलमध्ये बसून चहा प्यायचे, आणि घरमालक जेवढं दाखवेल तेवढंच लिहायचे. मी थेट स्वयंपाकघरात जाते. घराचं खरं वजन तिथे असतं. पुढच्या वर्षी मी खुर्ची सोडणार आहे, तेव्हा आमच्या मालकांचं काय होईल ते देव जाणे.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. बोटीवर भाडं वजनाला पडत नाही, जागेला पडतं. त्यामुळे उशी महाग आणि खलबत्ता स्वस्त. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पेडण्याची एक बाई लिस्बनला लेकाकडे निघाली होती. तिने घाबरत घाबरत विचारलं, "शोभाताई, माझो रगडो घेतलो तर चलतलो?" मी म्हटलं, "बाय, खुशाल घे, पण त्या कापसाच्या गाद्या सोड." बाईने मला मिठीच मारली. नवरा मात्र रुसला, कारण गाद्या त्याच्या आईने भरून घेतलेल्या होत्या. शेवटी रगडाही गेला, गाद्याही गेल्या, आणि नवऱ्याची आवडती कदेल, म्हणजे खुर्ची, इथेच राहिली.

मोरजीला राहिलेला एक गोरा म्हातारा मायदेशी परतताना आमच्याच लोकांनी भंगारात काढलेली जुनी जनेलं, म्हणजे खिडक्या, घेऊन गेला, शिंपल्यांच्या तावदानांची. एकेक तावदान मी स्वतः कागदात गुंडाळलं आणि मनातून जळत राहिले. आणखी एकदा आमच्या पोरांनी स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट बांधला. सांगितलेलं ना, सगळं बांधा म्हणून! तो डबा थेट टोरांटोत उघडला. त्या बाईने मला फोनवर जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. खरं सांगायचंय ते रमाकांतच्या पाटाबद्दल.

रमाकांत सर्वणचा. सर्वण म्हणजे डिचोलीच्या कुशीतला गाव, आणि माझं माहेर. रमाकांतने तरुणपणी खाणीवर टिपर चालवला, खाण बंद पडल्यावर बस चालवली, आणि चाळिशी आल्यावर त्याला न्यूझीलंडमध्ये मोठे ट्रक चालवायची नोकरी लागली. नवरा-बायको आणि शाळकरी लेक, तिघंही निघाले. मी घरी गेले तेव्हा बायको मेधा दारातच कंबर कसून उभी होती. तिने भिंतीवर न्यूझीलंडचा नकाशा लावला होता आणि फ्रिजवर तिथल्या हवामानाचा कागद. "ताई, मला एकच सांगा," ती म्हणाली, "तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी चहा करायला काय काय लागेल? तेवढं वेगळं बांधायचं." मला अशी माणसं फार आवडतात. जायचं तर नाचत जावं.

न्यूझीलंड म्हटलं की आमच्या गोडाऊनमध्ये सगळ्यांचे कान टवकारतात. बाकीच्या देशांत कागदपत्रं बघतात, तिथे चपलेचा तळवा उलटा करून बघतात. माती चालत नाही, बी चालत नाही, दाणा चालत नाही, किडलेलं लाकूड चालत नाही, झाडूच्या हिरात अडकलेलं गवतसुद्धा चालत नाही. त्या लोकांना आपली शेतं आणि जंगलं जपायची असतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण एका सामानात एक दाणा निघाला तर अख्खा कंटेनर अडतो. मग तपासणी, धुरी, सफाई, आणि हे सगळं त्यांच्या सवडीने. हे मी मेधाला सांगितलं तेव्हा तिने लगेच उठून लेकीचे बूट तपासले.

सगळं घर मोजून झालं आणि मी शेवटच्या खोलीत गेले. तिथे भिंतीला टेकून गणपतीचा पाट उभा होता.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, कितीतरी आधी घरातला पाट चित्रशाळेत पोचवतात. चित्रशाळा म्हणजे गणपती घडवणाऱ्याचं घर. त्याच पाटावर आपला गणपती घडतो, त्याच पाटावरून घरी येतो आणि त्याच पाटावरून नदीवर जातो. विसर्जन झालं की पाटावर नदीतली चिमूटभर माती घेऊन परत यायचं. मूर्ती दरवर्षी नवी, पाट तोच. रमाकांतच्या घराण्याचा गणपती मोठा, त्यामुळे पाटही तसाच दांडगा, फणसाच्या लाकडाचा, दोघांनी उचलावा लागणारा. विमानातून नेण्यातली ती वस्तूच नव्हती.

"हा पण जाणार?" मी विचारलं.

"हा आधी जाणार," रमाकांत म्हणाला. "बाकीचं राहिलं तरी चालेल."

तेवढ्यात मागून आवाज आला, "पाट घराचो आसता रे, मनशाचो न्हय."

हे शाणूकाका, रमाकांतचे चुलते. शेजारच्याच घरात राहणारे. दोन्ही घरांचा मिळून गणपती एकच, आणि तो रमाकांतच्या घरात बसायचा. आता ते घर बंद होणार, तर पाट आपल्या घरात यावा असं काकांचं म्हणणं. रमाकांतचं म्हणणं, मरताना बाबांनी पाट माझ्या हाती सोपवला, तो मी सोडणार नाही. माझ्या लेकीची चवथ पाटाशिवाय कशी होईल? दोघंही भांडत नव्हते. दोघंही नुसते अडून बसले होते, आणि ते भांडणापेक्षा वाईट.

शेवटी काकांनी अट घातली. चवथीच्या आत पाट तिथे पोचला पाहिजे आणि त्याच्यावर गणपती बसला पाहिजे. पाट वाटेत कुठेतरी अडकून एक जरी चवथ चुकली, तर तो परत पाठवायचा, आणि मग तो कायमचा काकांच्या घरात. रमाकांतने काकांच्या पायाला हात लावून कबूल केलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. जणू बोट मीच वल्हवणार होते!

मेधाच्या कागदपत्रांना उशीर झाला होता, त्यामुळे चवथीआधी पोचेल अशी एकच बोट उरली होती. तीही मुंबईच्या बंदरातून. ती चुकली, किंवा तिथे उतरल्यावर कंटेनर अडकला, की संपलं. मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "या खेपेला मला झोप लागायची नाही." ते म्हणाले, "प्रत्येक खेपेला असंच म्हणतेस." आणि ते घोरायला लागले.

पाट साफ करायचं काम आमच्या दत्ताकडे दिलं. दत्ता गडहिंग्लजकडचा सुतार, आमच्या पेट्या तोच ठोकतो. पाटाखालच्या आडव्या पट्ट्या त्याने सोडवल्या आणि खालून माती निघायला लागली. वर्षानुवर्षांची, नदीवरून आलेली, दगडासारखी बसलेली. दत्ता दातांच्या ब्रशने खाचा साफ करत होता आणि म्हणत होता, "ताई, ह्यात आख्खी नदीच हाय बघा." काका सर्वणहून मुद्दाम आले होते. त्यांनी ती सगळी माती पंच्यात गोळा केली आणि नदीत सोडायला घेऊन गेले. मग पाट गरम हवेच्या भट्टीतून काढून आणला, म्हणजे कुठे कीड असेल तर मरावी. पट्ट्या परत बसवल्या. पाट असा लखलखीत दिसायला लागला की मेधा म्हणाली, "आता याच्यावर गणपतीलाच घसरायला होईल."

साफ झालेला पाट निरोपासाठी पुन्हा घरी नेला होता. तो सर्वणच्या घरातून कायमचा निघाला तो दिवस मात्र अवघड गेला. आमच्याकडे पाट घराबाहेर काढताना रिकामा काढत नाहीत. त्यावर तांदूळ, सुपारी, हळकुंड, काहीतरी ठेवतात. रिकामा पाट बाहेर पडणं म्हणजे घराने हात झटकल्यासारखं. मेधाच्या हातात तांदळाची वाटी होतीच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय करणार? तिने वाटी खाली ठेवली आणि काकांनी तोंड फिरवलं. आमच्या टेंपोत तो पाट तसाच चढला. माझं स्वतःचं माहेर त्या गावात, मला काय वाटलं असेल ते मीच जाणे.

कंटेनर भरला तो दिवस पावसाचा होता, पण आमची तयारी होती. गोडाऊनच्या अंगणभर ताडपत्री, वर छप्पर, प्रत्येक पोराच्या पायात नवे धुतलेले बूट. पाट सगळ्यात आधी आत गेला, पार पुढच्या भिंतीला टेकून, कारण चपटी आणि जपायची वस्तू तिथेच सुरक्षित राहते. मग फ्रिज, आरमार म्हणजे आमचं कपाट, पुस्तकं, भांडी, लेकीची सायकल, उशा. शेवटी दार लावलं, सील ठोकलं. ड्रायव्हर यल्लप्पा बेळगावकडचा. त्याने स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि ट्रेलर मुंबईच्या दिशेने निघाला. मेधाने टाळ्या वाजवल्या. रमाकांत नुसता हसत होता. मीही सुटकेचा श्वास सोडला आणि सगळ्यांना समोरच्या गाड्यावर चहा-भजी खायला नेलं.

काका भजीला हात न लावता एका बाजूला बसले होते. आमचा बाबल त्यांच्याजवळ गेला. बाबल बांद्याकडचा, आमचा सगळ्यात जुना पॅकर. त्याने बांधलेली काच आजवर फुटलेली नाही. पाटाचं शेवटचं वेष्टनही त्यानेच केलं होतं.

"काका, चिंता करू नकात," बाबल म्हणाला. "पाट रिकामो नाय धाडूक. तांदूळ, सुपारी, हळकुंड, सगळा रीतसर ठेवलंय आणि मगे बांधलंय."

काकांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! त्यांनी बाबलचे दोन्ही हात धरले. "देव बरें करूं रे पुता," ते म्हणाले.

आणि माझ्या हातातला चहा माझ्याच साडीवर सांडला.

"बाबल्या!" मी ओरडले ती अशी की भजीवाली दचकली. "मेल्या, काय केलंस हे?"

"कित्याक? रिकामो पाट कसो धाडूचो?" बाबल म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. तसं बघायला गेलं तर त्याला सगळे नियम पाठ. कोणाच्या पिशवीत मोहरीचा दाणा सापडला तरी तो गिऱ्हाइकाला झापायचा. पण त्याच्या लेखी ते सामान होतं, आणि हा पाट होता. सामानाचे नियम पाटाला लावायचे असतात, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आणि कुणाच्या शिरलं असतं? मला विचाराल तर तांदूळ ठेवताना माझेही हात थांबले नसते.

यल्लप्पा फोन घेईना. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, आणि त्याबद्दल मीच त्याची पाठ थोपटलेली. रमाकांत उठला. "टेंपोची चावी," तो म्हणाला. मी दिली. मी शेजारी बसले, मागे बाबल आणि दत्ता उडी मारून चढले, आणि काकाही चढले. "काका, तुम्ही कशाला?" असं मी म्हणेपर्यंत टेंपो हायवेवर होता.

खाणीवर टिपर पळवलेला माणूस म्हणजे काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. हायवेवर पुढे गर्दी दिसली तसा त्याने टेंपो डावीकडे गावातल्या रस्त्यावर घातला. कोणाच्या पोफळीच्या कुळागराला लागून, कोणाच्या तुळशीला वळसा घालून, एका बैलाला सॉरी म्हणत तो निघाला. मी देवाचं नाव घेत होते. मागून काका ओरडत होते, "धांवड रे, धांवड!" अहो, हेच काका! पाट जाऊ नये म्हणून अडून बसलेले! आणि आता तो अडकू नये म्हणून टेंपोच्या पत्र्यावर थापा मारत होते.

पत्रादेवीच्या चेकपोस्टवर ट्रकांची रांग होती. इतक्या वर्षांत त्या रांगेला मी नुसत्या शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी मला तिला ओवाळावंसं वाटलं. मधोमध आमचा ट्रेलर उभा होता आणि यल्लप्पा खाली उतरून टायर बघत होता.

"परत फिरव," मी म्हटलं.

"काय की बाई! आत्ताच भरलंय की!"

"फिरव म्हणते ना."

ट्रेलर परत धारगळला आला. सील तोडलं. सील तोडणं म्हणजे नवं सील, आणि त्याचा नंबर सगळ्या कागदांवर बदलायचा. आमच्या ऑफिसातली मुलगी मुंबईला फोन लावून बसली. बंदराचं दार कधी बंद होणार याच्या हिशेबाने आमच्याकडे थोडाच वेळ होता. आणि पाट कुठे? सगळ्यात पुढे! म्हणजे सगळं घर बाहेर काढायचं. मी पदर खोचला. मेधाने ओढणी कमरेला बांधली. भजीवालीने गाडा लेकीवर सोपवला आणि आपली निळी ताडपत्री घेऊन आली. शेजारच्या टायरवाल्याची दोन माणसं आली. फ्रिज निघाला, आरमार निघालं, उशा निघाल्या. हायवेवरून जाणाऱ्या बसमधले लोक माना वळवून बघत होते, कोणाचं घर भर पावसात रस्त्यावर आलंय म्हणून.

पाट बाहेर आला. बाबलने स्वतःच्या हाताने वेष्टन उलगडलं. इतकं सुरेख बांधलेलं की फाडताना त्याला बघवत नव्हतं. मधोमध तांदूळ, सुपारी, हळकुंड. थोडे तांदूळ सरकून पट्टीच्या फटीत गेले होते. दत्ताने पट्ट्या पुन्हा सोडवल्या. एकेक दाणा वेचला, वर व्हॅक्यूम फिरवला, ओल्या फडक्याने पुसलं. मग त्याने बॅटरी लावून प्रत्येक फट मला दाखवली. एक दाणाही उरला नव्हता.

रमाकांत आता बाबलवर उसळला. "तुला कोणी सांगितलं होतं रे शहाणपण करायला? माझी चवथ गेली असती!"

बाबलचे डोळे भरले. मेधा मध्ये आली. "त्यांच्यावर ओरडू नका," ती म्हणाली. "मला करायचं होतं तेच त्यांनी केलं. मला धीर झाला नाही एवढंच."

नवं वेष्टन तयार होतं. मी म्हटलं, "चला, बांधा."

बाबल जागचा हलेना. "ताई, माका कामावरसून काढा," तो म्हणाला. "पण रिकामो पाट माझ्या हातान आता भायर जावचो नाय."

आता काय करायचं? दाणा नको, पान नको, फूल नको, माती नको. कोणी म्हणालं, रुपया ठेवा. काका म्हणाले, "पाट विकलाय काय?" कोणी म्हणालं, नुसतं पाणी शिंपडा. दत्ता म्हणाला, लाकूड फुगंल. यल्लप्पा हॉर्न वाजवायला लागला. मी घड्याळाकडे बघत होते आणि रडायच्या बेताला आले होते.

तेवढ्यात शाणूकाका पुढे झाले. त्यांनी पाट सरळ केला, वर पंचा फिरवला आणि म्हणाले, "रमाकांता, बस."

"कुठे?"

"पाटार बस."

"काका, गणपतीचा पाट तो! माणूस कसा बसेल?"

"बारशाक तुका ह्याच पाटार निजयलेलो," काका म्हणाले. "त्यावेळार देवाक चललें. आतां काय शिंगां आयल्यांत तुका?"

रमाकांतने बूट काढले आणि तो बसला. चांगला भरल्या अंगाचा, मिशीवाला, मोठे ट्रक चालवायला निघालेला माणूस. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मेधा रडत होती आणि हसतही होती.

"उचलात," काका म्हणाले.

बाबल, दत्ता आणि टायरवाल्याच्या दोन माणसांनी पाट उचलला. "आई गं, बारशाला हलका असणार गडी," दत्ता कण्हला आणि सगळं अंगण हसलं. बाबलने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घराचो पाट भरल्या अंगान चललो हा, तेका भरल्या घरात पोचव रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे एकसुरात ओरडलो, "होय म्हाराजा!" भजीवाली, यल्लप्पा, ऑफिसातली मुलगी, सगळे. कंटेनरच्या दारापर्यंत रमाकांत असा वरातीने गेला. तिथे पाट टेकवला, तो उतरला, दत्ताने पुन्हा एकदा फडकं मारलं, आणि बाबलने पाट बांधला.

"झालं ना समाधान?" मी विचारलं.

"आंगणातसून भरलेलो भायर पडलो मां, झाला तर," बाबल म्हणाला.

मग सगळं घर पुन्हा आत गेलं. मी आयुष्यात इतक्या भराभर उशा फेकल्या नव्हत्या. नवं सील ठोकलं, कागद बदलले, आणि यल्लप्पाने गाडी जी हाणली ती बंदराचं दार बंद व्हायच्या आत पोचवली. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. मी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडले, आणि मालकांनी आतून विचारलं, काय झालं, साप निघाला का?

तिथे कंटेनर उघडला, तपासला. पाट बाहेर काढून उलटासुलटा बघितला म्हणे. काही निघालं नाही. चवथ अजून पुढे होती.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी सर्वणला गेले आणि वाटेत शाणूकाकांच्या घरी टेकले. त्यांनी नवा पाट करून घेतला होता आणि त्यावर त्यांचा गणपती बसला होता. पलीकडचं रमाकांतचं घर बंद होतं. काकूंनी माझ्या हातात नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी दिली तेवढ्यात काकांचा फोन वाजला. रमाकांत. मेधा. लेक. पडद्यावर सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटत होती. "काका, काल फोन लागला नाही, पण बसला! गणपती बसला!" मेधा ओरडत होती. मग रमाकांतने फोन गणपतीकडे फिरवला.

आमचा तो भलामोठा फणसाचा पाट, आणि त्याच्या मधोमध वीतभर गणपती. तिथे मिळाली तेवढीच मूर्ती. चहूबाजूंनी पाट नुसता रिकामा दिसत होता. मी हातातली नेवरी बशीत परत ठेवली.

"काका," रमाकांत म्हणाला, "एवढीच मिळाली. पाटावर दिसतसुद्धा नाही धड. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं का?"

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"मूर्त ल्हान म्हणून रडतोस कित्याक?" ते म्हणाले. "पाट व्हड आसा. वर्सान वर्स मूर्त वाडटली."